कुंभारांच्या हाती एक हजार कार्षापण

नाशिकच्या पांडवलेण्यांतलं दहाव्या क्रमांकाचं लेणं नहपानाचं म्हणून ओळखलं जातं. येणारे लोक तिथले खांब आणि खांबांवरचे प्राणी बघतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. त्याच लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर तिसऱ्या शतकातला एक झिजलेला लेख आहे. आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या राज्याच्या नवव्या वर्षी तो कोरला गेला. दान देणारी बाई विष्णुदत्ता. शक अग्निवर्म्याची ती मुलगी, गणपक रेभिलाची बायको आणि गणपक विश्ववर्म्याची आई. त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारात राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील, त्यांच्या औषधपाण्यासाठी तिने पैसे ठेवले. ते राजाच्या खजिन्यात ठेवले नाहीत, विहाराच्या हातातही दिले नाहीत. शेजारच्या गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवले. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण, तेल गाळणाऱ्यांकडे काही रक्कम, आणि कुलरिकांच्या, म्हणजे अभ्यासकांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे कुंभारांच्या, श्रेणीकडे एक हजार.

नाशिकच्या कुंभारांचा लेखी इतिहास इथे सुरू होतो, आणि तो असा पतपेढीसारखा सुरू होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कुंभार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गरीब, गाढवामागे चालणारा, सुगीला खळ्यावर येऊन उभा राहणारा माणूस येतो. शाळेच्या पुस्तकांनी आणि चित्रांनी तोच आपल्याला दाखवला. विष्णुदत्तेने पाहिलेला कुंभार वेगळा होता. त्याच्याकडे आपली रक्कम बुडणार नाही, अशी तिची खात्री होती.

ही खात्री किती मोठी होती, ते ठेवीच्या अटीवरून कळतं. ही अक्षयनिवी होती. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज चालू राहायचं. आज आहेत त्या आणि पुढे होतील त्या श्रेणींच्या हाती, असं लेख सांगतो. म्हणजे ठेव ठेवणाऱ्या बाईने गृहीत धरलं होतं की गोवर्धनात कुंभार असतील, त्यांची मुलं कुंभार होतील, नातवंडं चाकावर बसतील, आणि दर वर्षी कुणी तरी त्या पैशाचं व्याज डोंगरावर पोचवील. घराण्यातला धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहील यावर तिने रोख पैसे लावले. परंपरा हा शब्द आपण फार सैल वापरतो. इथे तिला आकडा आहे.

व्यवहार कसा चालत असेल, याचा अंदाज त्याच लेण्यातल्या जुन्या लेखावरून बांधता येतो. नहपानाचा जावई उषवदात याने शे-दीडशे वर्षं आधी गोवर्धनाच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले होते. त्यांतले दोन हजार दरमहा शेकडा 1 या व्याजाने, उरलेले एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240 होतं. वर्षावासाला लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असा त्याचा चोख हिशेब. निगमसभेत तो वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला. कोष्ट्यांचाच दर कुंभारांना धरला, तर त्यांच्या हजारावर वर्षाला 90 ते 120 कार्षापण द्यावे लागत. मडकी विकून एवढं व्याज सुटायचं, तर धंद्यात तेवढी बरकत हवी. शिवाय सगळ्या घरांना बांधून ठेवणारी, हिशेब ठेवणारी, एखादं घर बुडालं तर दुसऱ्यांनी उचलून धरायची, अशी संघटनाही हवी.

ती बरकत कुठून येत होती? घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवर नाशिक बसलेलं. डोंगरावर विहार आणि तिथे शेकडो माणसांची ये-जा. भिक्षापात्रं, पाण्याचे घडे, पणत्या, धान्याचे रांजण हे सगळं मातीचं. त्या काळातल्या दख्खनी गावांच्या उत्खननांत घरांवर घालायची भोकं पाडलेली कौलं सापडतात, एकावर एक मातीची कडी रचून बांधलेल्या विहिरी सापडतात, सांडपाणी मुरवायला एकाखाली एक पुरलेले रांजण सापडतात. गावाचं छप्पर, पाणी आणि गटार, तिन्ही कुंभार पुरवत होता. चकाकी दिलेली तांबडी भांडी याच काळात पश्चिम भारतभर वापरात होती. त्यांचे तुकडे नाशकातही निघाले आहेत.

हे तुकडे निघाले त्या जागेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जुन्या नाशकात गोदावरीच्या काठावर मातीची एक उंच गढी आहे. लोक तिला काझीची गढी म्हणतात. तिच्या अंगालाच कुंभारवाडा आहे. 1950-51 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशकात या गढीवर आणि संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे इथे उत्खनन केलं. त्याचा अहवाल 1955 साली निघाला. गढीचे थर वरून खाली उतरत गेले. वर मराठेशाही आणि मुसलमानी अंमलाचे थर, काचेच्या बांगड्या आणि झिलईची भांडी. त्याखाली रोमन व्यापाराच्या दिवसांतली तांबडी चकाकती भांडी. त्याखाली आणखी जुनी काळी-तांबडी भांडी. आणि अगदी तळाशी, गारगोटीच्या बारीक हत्यारांबरोबर, जोर्वे पद्धतीच्या रंगीत भांड्यांचे तुकडे. त्यांचा काळ साधारण इ.स.पू. 1400 ते 1000.

राजांची नावं, देवळांची नावं, शहराचं नावसुद्धा बदलत गेलं. मोगल अमदानीत ते गुलशनाबाद झालं आणि पेशव्यांच्या काळात पुन्हा नाशिक झालं. गढीच्या प्रत्येक थरात सलग भेटतं ते खापर. थराचं वय सांगायला संशोधक तेच हातात घेतो, कारण लाकूड कुजतं, कापड जातं, लोखंड गंजतं, तांबं वितळवून पुन्हा वापरतात. भाजलेली माती तेवढी राहते. नाशिकच्या इतिहासाचं कालगणन कुंभाराच्या हातावर उभं आहे, आणि त्या हातांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

जोर्वे भांडं हातात घेऊन बघण्याची संधी मिळाली तर सोडू नये. माती बारीक गाळलेली, चाकावर घडवलेली, भिंत पातळ, वर तांबडा लेप आणि त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळी, चौकटी. कडेला कंगोरा असलेले वाडगे आणि लांब तोटीचे घडे ही त्यांची ओळख. चांगल्या भाजलेल्या तुकड्यावर नख मारलं की धातूसारखा आवाज येतो. तो आवाज येण्यासाठी भट्टीत मोठी आणि समान आच लागते. लाकूड आणि शेणकूट जाळून ती साधायची, तर कुठलं सरपण कधी घालायचं, वारा कुठून घ्यायचा, भट्टी कधी झाकायची हे पक्कं ठाऊक हवं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या कुंभारांना ते ठाऊक होतं. ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. बापाने मुलाला भट्टीपाशी उभं करूनच ते दिलेलं असणार.

त्या कुंभाराचं गावातलं स्थान कसं होतं? त्याची थोडी चाहूल पुणे जिल्ह्यातल्या इनामगावने दिली. घोड नदीकाठच्या या गावाचं उत्खनन 1968 पासून पंधरा वर्षं चाललं. तिथे कुंभाराची गोल भट्टी मिळाली. मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंही दिसलं की सधन शेतकऱ्यांची घरं वस्तीच्या मध्यावर आहेत, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरं पश्चिमेच्या कडेला. भट्टीचा धूर आणि आगीचं भय हे त्याचं एक कारण असू शकतं. पण कडेला राहायची सवय तेव्हापासूनची आहे, हे मनात राहतं. याच इनामगावात तान्ही मुलं दगावली की त्यांना घराच्या जमिनीखाली दोन मातीचे घडे तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत असत. गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचं भांडं घराच्या सगळ्यात आतल्या दुःखाला लागत होतं.

गोवर्धनच्या श्रेणीनंतर कुंभारांची लेखी वाट हरवते. व्यापार ओसरला, शहरं आक्रसली, श्रेणींकडे ठेव ठेवल्याचे लेख दख्खनेत दिसेनासे झाले. त्यानंतर कुंभार पुन्हा भेटतो तो गावगाड्यात, बलुतेदार म्हणून. मोल्सवर्थच्या कोशात बलुतेदारांच्या तीन कासा सांगितल्या आहेत; कुंभार मधल्या कासेत, चांभार, परीट आणि न्हावी यांच्या सोबत. वर्षभर गावाला मडकी, घागरी, परळ, पणत्या, कौलं पुरवायची. लग्नकार्याला आणि मयताला लागेल ती भांडी द्यायची. गावात मुक्कामाला येणाऱ्या सरकारी माणसांची सोय बघायची. बदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी होत आली होती, आणि कुणबी व बलुतेदार यांच्यातली रोजची ओढाताण त्यांनी जवळून टिपली.

बलुतंही वंशपरंपरेवरच उभं होतं. ते वतन होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं, भावाभावांत वाटलं जाणारं. पण गोवर्धनच्या कुंभाराच्या वारशात भांडवल होतं आणि गावगाड्यातल्या कुंभाराच्या वारशात दुसऱ्याच्या पिकावरचा हक्क. पीक आलं तर हक्काला अर्थ. 1876-77 च्या दुष्काळात खळीच रिकामी राहिली, तेव्हा मडकी घडवून ठेवलेल्या माणसाने काय खाल्लं असेल? बलुत्याने कुंभाराला गावात टिकवलं, उपाशी मरू दिलं नाही, असं कौतुकाने म्हटलं जातं. ते खोटं नाही. पण त्याच बलुत्याने त्याला वाढू दिलं नाही. जास्त चांगलं मडकं केलं म्हणून जास्त दाणे मिळणार नव्हते, आणि दुसऱ्या गावात जाऊन विकायचं तर तिथल्या कुंभाराचं वतन आडवं येणार. जोर्वे भांड्याची कारागिरी गेली कुठे, असं विचारणाऱ्याने आधी हा हिशेब बघावा.

याच शतकांत मराठी मनाने कुंभाराला एका वेगळ्या जागी बसवलं, हेही सांगितलं पाहिजे. तेरचे गोरोबाकाका वारकऱ्यांचे काका झाले. जुनं तगर म्हणजेच तेर, सातवाहन काळातल्या मातीच्या देखण्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथेच तेराव्या शतकात हा कुंभार संत व्हावा, हा योग मोठा सुंदर आहे. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असताना थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कोण पक्कं, कोण कच्चं हे त्यांनी सांगितलं, नामदेव कच्चे ठरले आणि विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात संतांची परीक्षा घेणारा कुंभार आहे. ज्ञानेश्वरांच्या मेळ्यात पारख करायचा अधिकार त्याचा, कारण ओल्या-भाजल्या मातीचा आवाज त्याच्याच कानाला कळतो. खळ्यावर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला कथेने हा मान दिला. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी कुंभार समाज आजही पाळतो, ती उगाच नाही.

त्या थापटण्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. पुष्कळ लोकांना वाटतं की माठ पूर्ण चाकावरच होतो. चाकावर घडतं ते नुसतं तोंड, गळा आणि जाड भिंतीचं अंग. दोऱ्याने कापून उतरवलं की बुड उघडंच असतं. मडकं सावलीत थोडं आवळू देतात. बोट लावलं तर ठसा उमटू नये, पण दाबलं तर हलावं, इतकंच. मग कुंभार ते मांडीवर घेतो. डावा हात आत, त्यात मुठीएवढा गुळगुळीत गोल गुंडा. उजव्या हातात लाकडी थापटणं. राख शिंपडत, बाहेरून थाप आणि आतून आधार, असं ते फिरवत फिरवत थापटलं जातं. जाड भिंत पातळ होत जाते, पोट फुगतं, आणि उघडं बुड हळूहळू मिटत जातं. दोन्ही हात एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये भिंत असते. थाप जिथे पडेल तिथेच आतला गुंडा पोचलेला असावा लागतो, नाही तर माती फाटते. भिंत किती पातळ झाली, हे आवाज बदलत जातो त्यावरून कळतं. हे शब्दांत शिकवता येत नाही. लहानपणापासून शेजारी बसलेल्या मुलाच्या कानात तो आवाज आपोआप मुरतो, आणि मोठेपणी शिकायला आलेल्याला त्यासाठी वर्षं घालावी लागतात. घराण्यातून येणारी कला म्हणजे नेमकं काय येतं, याचं उत्तर मला या आवाजात मिळतं.

मातीचंही तसंच. नदीकाठची चिकणमाती नुसती वापरली तर सुकताना तडकते. तिच्यात लीद, राख, बारीक रेती मिसळून ती भिजत घालतात, तुडवतात, खडे वेचतात. लीद भट्टीत जळून जाते आणि मागे बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर वाऱ्याने उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठ गार राहतो तो या छिद्रांमुळे. जास्त झाली तर माठ गळतो, कमी झाली तर पाणी कोमटच राहतं. काळं मडकं हवं असेल तर शेवटी भट्टी बंद करून धूर आत कोंडतात. माती आणणं, कालवणं, मळणं, वाळत घालणं, रंगवणं आणि बाजारात बसून विकणं, यांतलं बहुतेक काम घरातल्या बायकांचं. चाक मात्र पुरुषांचं. बाईने चाकावर बसू नये, असा दंडक पुष्कळ कुंभार घरांत होता.

आज कुंभारवाड्यात राहणारी कुटुंबं गोवर्धनच्या श्रेणीची थेट वंशज आहेत, असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्रातल्या कुंभारांत मराठे, गुजर, परदेशी, लाड असे कितीतरी पोटभेद आहेत. चाकावरून थोरचाके आणि लहानचाके अशी नावंही पडली. माणसं दुष्काळाने हलली, यात्रेच्या गावाकडे आली, वसली. रक्त बदललं असेल. नदी तीच राहिली, माती तीच राहिली, आणि एका कुंभाराचं घर उठलं तर त्या जागी दुसरा कुंभार येऊन बसावा, अशी गरज या शहरात सतत राहिली.

ही गरज नाशकात इतर शहरांपेक्षा जास्त का, ते रामकुंडावर कळतं. देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात आणि त्या बहुधा मडक्यातूनच येतात. दशक्रियेला मडकं लागतं. अंत्ययात्रेत पुढे धरायला आणि शेवटी फोडायला मडकं लागतं. तांबं घासून पुन्हा वापरता येतं. विधीला हवं असतं ते कोरं आणि एकदाच वापरायचं भांडं, आणि तसं भांडं फक्त कुंभार देऊ शकतो. बारा वर्षांनी सिंहस्थ भरला की लाखो माणसं गोदेच्या काठी उतरणार, आणि त्यांतले कितीतरी नव्या मातीच्या भांड्यात शिजवणार. त्याखेरीज वर्षाचे सण. संक्रांतीला सुगडं. आखाजीला करा आणि केळी. नाशिक-खानदेशात पितरांच्या नावाने पाणी भरलेल्या या मडक्यांची पूजा झाल्याशिवाय आमरस-पुरणपोळीचं पान वाढत नाहीत. पोळ्याला मातीचे बैल. नवरात्रात घट. दिवाळीला पणत्या आणि बोळकी. कुंभाराच्या घरचं पंचांग हे असं मागणीचं पंचांग आहे, आणि प्रत्येक सणाचा माल आधी दोन-तीन महिने घडवून, वाळवून, भाजून ठेवावा लागतो. पावसाळ्यात भट्टी लावता येत नाही, म्हणून पोळ्या-गणपतीचं काम उन्हाळ्यातच अंगावर येतं.

सण राहिले, पण रोजचा वापर एकेक करून गेला. नाशिकच्या तांबट आळीची ठोक्याची भांडी गावोगाव प्रसिद्ध होती. ज्याला परवडेल त्याची घागर तांब्या-पितळेची झाली. कौलांचं तर फार लवकर गेलं. देशी कौल कुंभार चाकावर नळकांडं काढून, उभं चिरून दोन करत असे. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला यंत्रावर कौलं काढायला सुरुवात केली. सपाट, एकसारखी, एकमेकांत अडकणारी ही कौलं रेल्वेने आणि गलबताने सगळीकडे पोचली. दर पावसाळ्याआधी छपरं शाकारायला कुंभाराची वाट बघायची गरज उरली नाही. एका घरात एकदा मंगलोरी कौलं चढली की त्या घराचं कुंभाराशी असलेलं पिढ्यांचं नातं तुटे. मग ॲल्युमिनियम, स्टील, प्लॅस्टिक आणि फ्रीज. पुष्कळ कुंभारांनी चाक सोडून वीटभट्टी धरली. नाशिकचं आजचं शहर त्या विटांवर उभं आहे. तो मातीचाच धंदा, त्यात पैसाही आला, म्हणून त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण साच्यात विटा पाडताना थापटण्याचा आवाज ऐकायला लागत नाही, आणि तो कान दोन पिढ्यांत जातो.

शहरात उरलेल्यांच्या अडचणी अगदी साध्या आणि जीवघेण्या आहेत. भट्टी लावायची तर धुराची तक्रार. माती आणायची तर नदीकाठ बांधून काढलेला, शेतं बिनशेती झालेली, त्यामुळे ट्रकने विकत आणायची. वाळत घालायला अंगण हवं, तर घर दोन खोल्यांचं. उन्हाळ्यात रस्त्याकडेला राजस्थानी-गुजराती लाल माठांच्या राशी लागतात, त्यांच्या भावाशी बरोबरी करायची. गणपतीचं काम प्लॅस्टर ऑफ पॅरिसने नेलं होतं. 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा मूर्तींविरुद्ध नियम काढले आणि शाडूला पुन्हा भाव आला. पण शाडू मोठ्या प्रमाणावर येते गुजरातमधून. आणि काझीच्या गढीची माती पावसाळ्यात खचते, तेव्हा तिच्यावर आणि तिच्या कडेला राहणाऱ्यांना घरं सोडण्याच्या सूचना येतात. ढासळणाऱ्या त्या मातीत तीन हजार वर्षांची खापरं आहेत. गढीला पक्की संरक्षक भिंत मिळणं हे घरांसाठी जितकं निकडीचं आहे तितकंच त्या थरांसाठीही.

सरकारी योजना येतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 2018 पासून कुंभारांना विजेची चाकं द्यायला सुरुवात केली. ज्याने दांड्याने जड चाक फिरवून खांदा झिजवला आहे, त्याला विजेच्या चाकाचं मोल विचारावं; त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एक दिवस ते जड चाक फिरवून बघावं. मला उणीव दिसते ती दुसरीकडे. चाक मिळतं, प्रशिक्षण मिळतं. हाती ठेवलेलं भांडवल मिळत नाही. सणाच्या तीन महिने आधी माती, लाकूड आणि मजुरीला पैसे लागतात, ते व्यापारी उचल म्हणून देतो आणि माल त्याच्याच भावाने उचलतो. नफ्याची बाजू अशी आधीच विकलेली असते. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात मोठमोठी कामं निघाली आहेत. त्या वर्षी येणाऱ्या माणसांना मडकी, पणत्या, पाण्याचे माठ लागणारच. त्याची मागणी आधी नोंदवून, आगाऊ रक्कम कुंभारांच्या संस्थेच्या हाती देऊन हे काम इथल्याच घरांकडून करवून घेता येईल. हे दान होणार नाही. शहराला लागणाऱ्या मालाची ती किंमत असेल.

विजेच्या चाकाने आणखी एक गोष्ट केली आहे, जी योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात कितपत होती कोण जाणे. दांड्याने फिरवायचं चाक जड होतं, त्याभोवती सोवळं होतं, आणि मुलगी त्यापासून लांब ठेवली जाई. या लहान, हलक्या यंत्राभोवती ते सोवळं जमलंच नाही. प्रशिक्षणवर्गांत सुना आणि मुली चाकावर बसू लागल्या आहेत. माती कालवून कालवून तिचा पोत त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्यांचा हात लवकर बसतो. ज्या घरात मुलगा नोकरीला लागला आणि धंदा आता आपल्याबरोबर संपला असं म्हाताऱ्याने ठरवून टाकलं होतं, तिथे शेजारी बसून थापटण्याचा आवाज ऐकायला आता सून किंवा नात असू शकते.